दाराबाहेरची माय

सातव्या महिन्याचे लेकरू जगते, आठव्या महिन्याचे जगत नाही, ही समजूत आमच्या मोहाडीकडे अजून ऐकू येते. चौंडेश्वरीच्या देवळाच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बायांपैकी कोणालाही विचारा, ती दोन-चार घरांची उदाहरणे देऊन ही गोष्ट पटवून देईल. आपल्याकडचीच ही समजूत असेल असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. पुढे वाचनात आले की हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर जो ग्रंथसंग्रह चालत आला आहे, त्यात आठव्या महिन्याच्या बाळावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. म्हणजे ही समजूत दोन हजारांवर वर्षे जुनी, आणि आपल्या एकट्यांची नव्हे.

ती खरी मात्र नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्याचे मूल सातव्यापेक्षा अधिकच तगते. मग इतकी वर्षे ही गोष्ट टिकली कशी? मला वाटते, ज्ञान म्हणून ती टिकलीच नाही, टिकली ती सांत्वन म्हणून. मूल गेलेल्या बाईच्या पाठीवरून हात फिरवून शेजारणीला म्हणता येत असे, "बाई, तुझं काही चुकलं नाही, महिनाच तसा होता." ज्या काळात औषध नव्हते त्या काळात एवढे तरी औषध होते.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. पण ज्या घरी यंदा पहिली दिवाळी आहे, त्या घरातल्या बाळाने पहिले पंधरा दिवस कुठे काढले हे एकदा विचारून पाहा. पुष्कळ घरांतून उत्तर येईल, "पेटीत होतं." अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वैद्यकाचा इतिहास डॉक्टरांनी पुष्कळ लिहिला आहे. पेटीतल्या बाळाचे आईबाप त्या दिवसांत कुठे होते, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी.

जुन्या बाळंतिणीच्या खोलीचे गोडवे मी गाणार नाही. दारे-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडीचा धूर, आणि सुईणीच्या हातात घरातलाच विळा किंवा पाते. धनुर्वाताने किती लेकरे गेली त्याची गणती नाही. पण त्या खोलीची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बारीक लेकरू पिंजलेल्या कापसात गुंडाळून ठेवीत, तेही आईच्या कुशीतच. आई एका जागी आणि बाळ दुसऱ्या जागी, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. आई विटाळात, म्हणून बाळही विटाळात. दोघे मिळून बाहेर, नाही तर दोघे मिळून आत.

या खोलीतून आपल्याकडची पहिली स्त्री डॉक्टर निघाली, हेही सांगितले पाहिजे. १८७८ साली कल्याणला चौदाव्या वर्षी आनंदीबाई जोशी बाळंत झाल्या. मुलगा दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचता, हे त्यांच्या मनाने घेतले आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून त्या डॉक्टर होऊन निघाल्या. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. आनंदीबाईंच्या चरित्रात आपण समुद्रपर्यटनाची आणि नऊवारी लुगड्याची पाने फार वाचतो. मला मात्र त्या दहा दिवसांचे पान मोठे वाटते.

आनंदीबाई दुःख गिळून इंग्रजी शिकत होत्या त्याच सुमारास पॅरिसमध्ये एक मजेदार गोष्ट घडली. स्तेफान तार्निए नावाच्या प्रसूतिशास्त्रज्ञाने तिथल्या प्राणिबागेत कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले, आणि त्याच्या मनात आले की अंड्याला जे चालते ते बाळाला का चालू नये? बागेचे यंत्र करणाऱ्या कारागिराकडूनच त्याने तसली एक मोठी पेटी बनवून घेतली आणि १८८० साली आपल्या सूतिकागृहात बसविली. खाली गरम पाणी, वर बाळे. पहिल्या पेटीत एकाहून अधिक बाळे मावत. दोन किलोपेक्षा हलक्या बाळांतली मरणाऱ्यांची संख्या शेकडा ६६ होती, ती ३८ वर आली. कोंबडीचे उपकार मानवजातीने इतके कधी मानले नसतील!

तार्निएचा शिष्य पिएर ब्युदँ हा माणूस मला गुरूपेक्षाही आवडतो. बाळ वाचते, पण त्याला घरी न्यायच्या दिवसापर्यंत आईचा जीव त्याच्यावरून उडालेला असतो, हे त्याच्या ध्यानात आले. तिने त्याला पाजले नाही, धरले नाही, मग तो धागा जुळायचा कसा? म्हणून त्याने पेटीला काचेच्या बाजू हव्यात असा आग्रह धरला, की आईला बाळ दिसत राहावे. आणि तिला येऊन पाजू द्यावे असे शिकविले. १९०० साली त्याने या विषयावर ग्रंथही लिहिला. म्हणजे पेटीच्या पहिल्या वीस वर्षांतच, पेटी आई होऊ शकत नाही हे कळून चुकले होते.

पण काचेचे दोन उपयोग असतात. आईला बाळ दिसावे म्हणून केलेली काच तिकीट काढून येणाऱ्या लोकांच्याही उपयोगी पडली. १८९६ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात जिवंत बाळांसह पेट्या मांडल्या होत्या आणि त्या पाहायला झुंबड उडाली. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने हा खेळ अमेरिकेत नेला. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड म्हणून जत्रेचे ठिकाण आहे. तिथे पाळणे, जादूगार, खाद्यपदार्थांची दुकाने यांच्या शेजारी १९०३ पासून १९४३ पर्यंत दर उन्हाळ्यात त्याच्या पेट्या मांडलेल्या असत. तिकीट पंचवीस सेंट. कूनीजवळ डॉक्टरकीची पदवी होती की नाही याची संशोधकांना शंकाच आहे. तरी त्याने आईबापांकडून कधी एक पैसा घेतला नाही, आणि ज्यांना दवाखान्यांनी सोडून दिले अशी हजारो बाळे त्याने जत्रेच्या गल्ल्यावर जगविली. त्याची स्वतःची मुलगीही अपुऱ्या दिवसांची झाली, तीही त्या पेटीत वाढली. या माणसाला नावे ठेवावीत की हात जोडावेत, मला अजून ठरविता आलेले नाही. फक्त एवढे दिसते की त्या तंबूत रोज शेकडो परकी माणसे बाळाला न्याहाळीत, आणि आई घरी असे.

जत्रेतून पेटी इस्पितळात स्थिरावली तेव्हा दार अधिकच घट्ट लागले. कारण खोटे नव्हते. अपुऱ्या बाळाला साध्या सर्दीनेही धोका असतो. बाहेरचा माणूस म्हणजे बाहेरचा रोग. त्या हिशेबात आईदेखील बाहेरच्या माणसांत मोजली गेली. हा नियम गरिबालाच होता असे नव्हे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना साडेपाच आठवडे आधी मुलगा झाला. श्वास लागला म्हणून त्याला बोस्टनला हलविले. बाप तिथे गेला. आई शस्त्रक्रियेमुळे पहिल्याच इस्पितळात राहिली. ३९ तासांनी बाळ गेले. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या पहिल्या नागरिकाची बायको, पण त्या दोन दिवसांत बाळापासून ती तितकीच दूर होती, जितकी आमच्या तालुक्यातली एखादी रोवणीवाली असते.

ही तुलना मी उगीच केलेली नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बायको सातव्या महिन्यात बाळंत झाली. बाळ तेराशे ग्रॅमचे. आई एका दवाखान्यात टाके घातलेली, बाळ दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात, आणि बाप मधल्या रस्त्यावर. मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो जिन्याखाली चटई टाकून बसला होता. अकरावा दिवस होता. मला म्हणाला, "मॅडम, लेकरू आत हाय, मी बाहेर हावो. आत का चाललं हाय ते मले कोनी सांगत नाही. सांगतेत तवा आकडे सांगतेत."

त्याने दुसरीही एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. रोज सकाळी दार उघडून परिचारिका नाव पुकारी. नाव पुकारले की छातीत धस्स होई, कारण औषध आणायला सांगतात तेव्हाही नावच पुकारतात आणि बाळ गेले तरी नावच पुकारतात. दोन्हींचा आवाज सारखाच. त्या परिचारिकेला मी दोष देत नाही. तिच्या वाट्याला आलेली बाळे मोजली तर तिने आवाजाची काळजी कधी करावी? पण त्या जिन्याखाली मला कळले की या आईबापांना लागते ते फार मोठे नसते. आत काय चालले आहे ते आपल्या बोलीत सांगणारे कोणी. आईला टेकायला बाजेएवढी जागा. दूध काढून द्यायला थोडा आडोसा. बापाची रोजी बुडते तिचे काय, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही.

हे दार पुन्हा उघडले कसे, ही या इतिहासातली खरी मौज आहे. ते आधी थोडे किलकिले केले अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी. तिथे साठाच्या दशकात हात धुऊन आयांना आत येऊ दिले आणि रोगराई वाढली नाही, असे १९७० साली प्रसिद्ध झाले. पण सताड उघडले ते श्रीमंतीने नव्हे, टंचाईने. दक्षिण अमेरिकेत कोलंबियाची राजधानी बोगोता. तिथल्या गोरगरिबांच्या सूतिकागृहात पेट्या इतक्या कमी, की एकेका पेटीत दोन-दोन बाळे ठेवावी लागत. एदगार रेय आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी १९७८-७९ च्या सुमारास बाळे पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीशी उभी बांधायला सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून त्याला 'कांगारू' हे नाव पडले. त्याच १९७९ साली, पार दुसऱ्या टोकाला एस्टोनियातल्या ताल्लिन शहरी, आदिक लेविन या डॉक्टरांकडे परिचारिका पुरत नव्हत्या, म्हणून त्यांनी आयांनाच रात्रंदिवस आत राहून बाळांचे सारे करायला लावले. दोघांचाही अनुभव एकच: बाळे कमी आजारी पडली.

आपल्याकडे हीच गोष्ट मुंबईच्या शीव इस्पितळात घडली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस तिथे नवजात बाळांच्या विभागात होत्या. खाटा थोड्या, माणसे थोडी, धारावीसारखी वस्ती शेजारी. वरच्या दुधाच्या बाटल्या रोग आणतात हे पाहून त्यांनी त्या बंद केल्या आणि आयांना कामाला घेतले. ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा उरलीच नाही त्याचे काय? यातून १९८९ साली शीवला आईच्या दुधाची पेढी निघाली. आशियातली ती पहिली. ज्या बाईचे स्वतःचे बाळ गेले आहे आणि पान्हा मात्र थांबत नाही, ती कोणा अनोळखी बाळासाठी दूध ठेवून जाऊ शकते, एवढी सोय त्या पेढीने केली. दुःखाला काही काम मिळाले म्हणजे ते थोडे सोसवते, असे माझ्या पाहण्यात आहे.

मुंबई आम्हांला दूरच. पण झाडीपट्टीतच, आमच्या दक्षिणेला गडचिरोलीत, याहून धाडसी काम झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत बाळाला कुठेच न नेता घरीच सांभाळून पाहिले. गावातलीच चार बुके शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. बाळ तोलणे, श्वास मोजणे, उबेला ठेवणे, गरज पडल्यास सुई टोचणे, हे ती शिकली. आणि निम्मे काम म्हणजे आईला सांगणे, सासूला सांगणे. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेकडा ६२ ने उतरले. १९९९ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्राने तो वृत्तान्त छापला, आणि २०११ पासून देशभर आशाताई त्याच धर्तीवर बाळाच्या घरी जाऊ लागल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

घरी भागत नाही अशी बाळे उरतातच. १८०० ग्रॅमच्या आतले, श्वास लागलेले, खूप कावीळ झालेले बाळ घरी ठेवून चालत नाही. त्यासाठी बंगालमध्ये पुरुलियाला २००३ साली जिल्ह्याच्या इस्पितळात नवजात बाळांचा विशेष कक्ष काढला, आणि तसे कक्ष पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले. भंडाऱ्यालाही निघाला. मोहाडीहून भंडारा वीसेक किलोमीटर. ज्या बाळाला पूर्वी नागपूरच्या वाटेवरच शेवटचा श्वास घ्यावा लागला असता, ते आता अर्ध्या तासात उबेला लागते. हे उपकार लहान नाहीत आणि पुढचे वाचताना वाचकांनी ते विसरू नयेत.

या कक्षांत दोन भाग असतात. त्याच इस्पितळात जन्मलेली बाळे एका भागात, बाहेरून आणलेली दुसऱ्यात. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या कक्षात आग लागली तेव्हा आत सतरा बाळे होती. सातांना बाहेर काढता आले. दहा गेली, ती बाहेरून आणलेल्यांच्या भागातली. काही भाजून, बहुतेक धुराने. काही दिवसांच्या बाळापासून तीन महिन्यांच्या बाळापर्यंत. त्यांत आमच्या मोहाडी तालुक्यातल्या घरांचीही लेकरे होती.

त्या रात्री चूक कोणाची, याची चौकशी झाली, कारवाई झाली, राज्यभरच्या इस्पितळांची आगीच्या दृष्टीने तपासणी करण्याचे हुकूम निघाले, प्रत्येक घराला पाच लाखांची मदत जाहीर झाली. ते सारे कागदावर आहे. मला सांगायचे आहे ते निराळे. आया आत नव्हत्या. नियमच तसा होता. दूध पाजायच्या वेळी यायचे आणि परत जायचे. आई आत असती तर आग विझली असती, असे मी म्हणत नाही; कदाचित तीही गेली असती. पण त्यानंतर ज्या बायांशी माझे बोलणे झाले, त्या सगळ्याजणी, ज्यांचे कोणी गेले नव्हते त्यादेखील, एकच वाक्य बोलत: "मी तेथ असतो त..." आमच्याकडे बायाही 'असतो'च म्हणतात. ते वाक्य कोणी पुरे करीत नसे.

आठव्या महिन्याची ती जुनी समजूत मला त्या दिवसांत आठवली. तिने शतकानुशतके बायांना सांगितले की तुझे चुकले नाही. या आयांना तसे सांगायला आपल्याजवळ काय होते? मंत्री आले, राज्यपाल आले, छायाचित्रे निघाली. पंधरवड्याने रस्ता ओस पडला. छातीत दाटलेल्या दुधाचे काय करायचे, हे सांगायला तेव्हा शेजारची म्हातारीच होती. गार फडक्याची घडी कशी ठेवायची ते तिला माहीत होते.

कागदाचे म्हणाल तर तो पुष्कळसा चांगला आहे. २०११ च्या सरकारी योजनेने बाळंतपण आणि आजारी नवजाताचे उपचार फुकट केले, गाडी फुकट केली. आईला जेवणही आहे, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि शस्त्रक्रिया झाली तर सात. बाळ मात्र तीन आठवडे राहते. चौथ्या किंवा आठव्या दिवशी आईचे नाव कागदावरून कमी होते आणि बाळाचे राहते. तेव्हापासून ती रुग्ण नाही आणि पाहुणीही नाही. २०१७ साली केंद्र सरकारने आईबापांना या कक्षांत सहभागी करून घ्यावे, त्यांना हात धुण्यापासून बाळ धरण्यापर्यंत शिकवावे, अशी सूचना काढली. तिची सुरुवात दिल्लीच्या राममनोहर लोहिया इस्पितळातल्या कामातून झाली होती. काही ठिकाणी ती पाळली जाते. काही ठिकाणी ती भिंतीवर चिकटवलेली असते, तिच्याखाली आया बसलेल्या असतात.

भंडाऱ्याची आग लागली त्याच २०२१ सालच्या मे महिन्यात जगातल्या पाच देशांत केलेल्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग इस्पितळही होते. १ किलोपासून १८०० ग्रॅमपर्यंतची तीन हजारांवर बाळे. निम्म्यांना नेहमीसारखे ठेवले. निम्म्यांना जन्मताच, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी दिले, आणि त्यासाठी अतिदक्षता कक्षातच आईचा पलंग घातला. आई उठू शकत नसेल तोवर घरातली दुसरी बाई चाले. पहिल्या गटात महिन्याच्या आत शंभरातली सुमारे सोळा बाळे गेली, दुसऱ्यात बारा. फरक इतका उघड दिसू लागला की देखरेख करणाऱ्या मंडळींनी प्रयोग मुदतीआधीच थांबवायला लावला. एका गटाला आईवेगळे ठेवणे त्यांना योग्य वाटेना.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे बाळ चाळिसाव्या दिवशी घरी आले. पौषातली थंडी होती. आशाताईने वजन केले, वहीत लिहिले, आणि आई अशक्त म्हणून आजीला समोर बसवून बाळ छातीशी उभे कसे धरायचे, वरून लुगड्याचा पदर कसा गुंडाळायचा, मान कोणीकडे ठेवायची, ते दाखविले. म्हातारीने सगळे निमूटपणे करून घेतले. मग डोळे मिटून घेत म्हणाली, "बाई, तू जाय आता. याले झोप लागून रायली." आशाताई तरी उंबऱ्याशी थोडा वेळ उभी राहिली. तिला श्वास मोजायचे राहिले होते.